स्वभावाला औषध

गेल्या वर्षी श्रावणात मला टपालाने एक पत्र आले. हल्ली टपालाने पत्र येणे हीच मुळी नवलाई. त्यातून ते हाताने लिहिलेले, वहीची तीन पाने भरून. लिहिणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांनी माझी एक जुनी कादंबरी गावच्या वाचनालयातून आणून वाचली होती. त्या कादंबरीत एक दारुडा बाप आहे आणि त्याचा मुलगा आहे. मुलगा शिकतो, नोकरीला लागतो, बापासारखे व्हायचे नाही अशी शपथ घेतो, आणि शेवटच्या प्रकरणात बाप ज्या गुत्त्यात बसत असे त्याच गुत्त्याच्या बाकावर येऊन बसतो. हा शेवट लिहून झाला तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो. एका परीक्षणात त्याला 'अटळ' म्हटले होते, आणि लेखकाच्या कानाला या शब्दाइतके गोड दुसरे काही लागत नाही.

बाईंनी लिहिले होते, "माझे सासरे प्यायचे. मालकही प्यायचे, ते तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तुमचे पुस्तक वाचल्यापासून मी त्याच्याकडे बघत असते. तो चिडला की मला वाटते, आले. सर, तुम्ही त्या मुलाला दुसरी वाट का दिली नाही?"

मी शिक्षक आहे. प्रश्नांना उत्तरे देणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण हे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवले, आणि उत्तर लिहायला दिवाळी उजाडावी लागली.

खरे म्हणजे उत्तर आपल्याकडे तयारच असते. खाण तशी माती. वळणाचे पाणी वळणावरच जायचे. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे, स्वभावाला औषध नाही. या म्हणींमध्ये केवढी मोठी सोय आहे पाहा! ज्याच्या हातून चुकते त्याला त्या सबब पुरवतात, आणि जो शेजारी उभा राहून पाहतो त्याला हातपाय हलवण्याच्या कष्टातून सोडवतात. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मीसुद्धा एखाद्या पोराविषयी 'खाण तशी माती' म्हटले आहे. एकदा नव्हे, अनेकदा. तेव्हा चहा कडू लागला नव्हता. माझी कादंबरी म्हणजे तरी काय? तीच म्हण तीनशे पानांत लिहिलेली.

माझी पुतणी पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. धनत्रयोदशीला ती घरी आली तेव्हा मी तिला ते पत्र दाखवले आणि विचारले, "तुमचे शास्त्र यावर काय म्हणते ग?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, जीवशास्त्राशी माझा संबंध बेडकाच्या आकृतीपाशी संपला. तिने तिच्या काकूच्या शिवणयंत्रावरचे दोऱ्याचे रीळ काढून माझ्यापुढे ठेवले.

"काका, एका पेशीतला डीएनएचा धागा सरळ केला तर दोन मीटर भरतो. आणि तो ज्या केंद्रकात ठेवायचा, ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही नसतं. मग ठेवायचा कसा?"

"गुंडाळून," मी म्हणालो.

"गुंडाळून. आणि सगळी गंमत त्या गुंडाळण्यात आहे."

गुंडाळायला रिळे लागतात. ती हिस्टोन नावाच्या प्रथिनांची असतात. आठ हिस्टोन एकत्र येऊन एक रीळ होते, त्याच्याभोवती धाग्याचे दोनांहून थोडे कमी वेढे बसतात, आणि एका वेढणीत आनुवंशिक मजकुराच्या १४७ अक्षरजोड्या मावतात. अशी सुमारे तीन कोटी रिळे एका पेशीत! डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत पोथी एकच असते. तरी डोळा पाहतो आणि यकृत पाहत नाही. कारण पोथीतले कोणते अध्याय उघडे आहेत आणि कोणते बासनात बांधून ठेवले आहेत, ते जागोजागी निराळे असते. 'बासनात गुंडाळून ठेवणे' हा शब्दप्रयोग आपण सरकारी कागदांसाठी वापरतो. निसर्गाने तो फार आधी अमलात आणलेला आहे.

या रिळांची कथा मला शाळामास्तर म्हणून विशेष आवडली. आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाला १८८४ साली हंसाच्या रक्तपेशींत हिस्टोन सापडले. पुढे १९१० साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. पण हिस्टोनांना कोणी मोठे काम दिले नाही. सामान बांधायची दोरी, एवढीच त्यांची योग्यता मानली गेली. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हिस्टोनांवर चिकटणाऱ्या काही चिमुकल्या रासायनिक खुणांचा आणि जनुके वाचली जाण्याचा संबंध असावा. फारसे कोणी मनावर घेतले नाही. बत्तीस वर्षे गेली. १९९६ मध्ये डेव्हिड ॲलिसच्या प्रयोगशाळेला तळ्यातल्या एका एकपेशी जिवात ती खूण चिकटवणारे एन्झाइम सापडले, आणि ते जनुके चालू करणाऱ्या एका आधीच माहीत असलेल्या प्रथिनाचे भावंड निघाले. तेव्हा कुठे सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. असा मागच्या बाकावर बसणारा विद्यार्थी माझ्याही वर्गात होऊन गेला असेल, आणि मी त्याला सामान बांधायची दोरी समजलो असेन.

या खुणा म्हणजे काय, ते सांगायला हवे. हिस्टोनाच्या शेपट्या रिळाबाहेर लोंबत असतात. शेपटी ही मण्यांची माळ. त्यांतले काही मणी लायसिन नावाचे. लायसिनवर धन विद्युतभार, डीएनएवर ऋण. म्हणून धागा रिळाला घट्ट धरून बसतो. लायसिनवर ॲसिटिलची खूण चिकटली की त्याचा धनभार जातो, पकड सैलावते आणि तिथला मजकूर वाचता येतो. खूण काढली की पुन्हा आवळला. मिथिल नावाची दुसरी खूण जरा लहरी आहे. एका विशिष्ट हिस्टोनाच्या शेपटीत चौथ्या मण्यावर ती बसली तर ते जनुक बहुधा उघडे. सत्ताविसाव्यावर बसली तर बहुधा बंद. खूण तीच, जागा निराळी, अर्थ उलटा. पूर्वी पत्राच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलेले असले की घरात आनंद होई, आणि कोपरा फाडलेला दिसला की आतला मजकूर वाचण्याआधीच माजघरातून हुंदका ऐकू येई. अक्षरे तीच, शाई तीच. पण पत्र कसे घ्यायचे ते कोपरा ठरवीत असे. हिस्टोनांवरच्या खुणा या अशा कोपऱ्यावरच्या खुणा आहेत.

मिथिलची खूण एकदा बसली की पुसता येत नाही, असे शास्त्रज्ञ कित्येक दशके मानत होते. २००४ साली यांग शी यांच्या हार्वर्डमधील प्रयोगशाळेने ती पुसणारे एन्झाइम शोधून काढले. पुतणीने हे सहज सांगितले. मी मात्र रीळ हातात घेऊन थोडा वेळ गप्प बसलो. 'अटळ' हा शब्द मला आठवत होता.

त्याच २००४ सालचा दुसरा एक प्रयोग तिने सांगितला, तो उंदरांचा. कॅनडातील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांनी तो केला. उंदरांच्या काही माद्या पिलांना फार चाटतात, काही बेताने. पहिल्या आठवड्यात भरपूर चाटली गेलेली पिले मोठेपणी शांत निघतात. संकटात त्यांचा जीव लवकर ठिकाणावर येतो. हा फरक रक्ताचा म्हणावा, तर कमी चाटणारीची पिले जास्त चाटणारीच्या कुशीत ठेवली की तीही शांत निघतात. त्यांच्या मेंदूत पाहिले, तेव्हा ताण आवरणाऱ्या एका जनुकापाशी खुणांचा फरक दिसला, डीएनएवरच्याही आणि हिस्टोनांवरच्याही. आणि गंमत अशी, की वाढलेल्या भित्र्या उंदरांच्या मेंदूत खुणा पुसणाऱ्या एन्झाइमला अडवणारे औषध सोडले, तर तो फरक नाहीसा झाला.

"म्हणजे स्वभावाला औषध आहे!" मी जवळजवळ ओरडलो.

"उंदराच्या," पुतणी म्हणाली.

पण माझे मन त्या पत्राकडे धावले होते. मी तिथल्या तिथे मनात उत्तर रचून टाकले: बाई, घाबरू नका. मुलाला जवळ घ्या. आईच्या मायेने पेशीपेशीतल्या खुणा बदलतात. सारे तुमच्या हातात आहे. वाक्ये छान जमली होती. मी ती मोठ्याने म्हणून दाखवली.

आमची मंडळी स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. झारा तसाच हातात धरून ती दारात आली. "म्हणजे पुन्हा आईच का?" ती म्हणाली. "सासरा प्यायला, नवरा प्यायला, आणि उद्या पोरगा प्यायला तर हिची माया कमी पडली?" आणि करंज्या करपतील म्हणून आत गेली.

या एका वाक्याने माझे पत्र फाटले. ती म्हणत होती ते अगदी खरे होते. बाईंच्या मानेवर आधीच एक जू होते, रक्ताच्या भीतीचे. ते उतरवता उतरवता मी दुसरे चढवीत होतो, आणि ते पहिल्याहून जड होते. रक्ताला निदान कोणी जबाबदार नसते. तिसऱ्या प्रहरी कामावरून थकून आलेल्या, पोराला एक धपाटा घालून झोपी गेलेल्या आईला जर सांगितले, की त्या धपाट्याची खूण पोराच्या हिस्टोनांवर राहणार आहे, तर तिने रात्र कशी काढावी? अशा शोधांची हाकाटी करून आयांना दोषी धरू नका, असे काही अभ्यासकांनीच २०१४ मध्ये 'नेचर'सारख्या नियतकालिकात सांगितलेले आहे. माणसाच्या जिवंत मेंदूत डोकावून उंदरांसारखे पाहता येत नाही. आणि उंदराच्या बिळात सासरा नसतो, कर्ज नसते, दारूचे दुकान नसते.

दोष कोणाचा, हे विचारायची आपल्याला इतकी सवय आहे की दोष नसलेली दुःखे आपल्या हिशेबात बसतच नाहीत. काबुकी नावाचा एक आजार आहे. जपानी डॉक्टरांनी १९८१ मध्ये त्याचे वर्णन केले. या मुलांचे डोळे लांबट असतात, काबुकी नाटकातल्या नटांनी रंगवावेत तसे. म्हणून ते नाव. बुद्धीची वाढ मंद असते. २०१० मध्ये कळले, की यांतल्या बहुतेक मुलांत, शेपटीतल्या त्या चौथ्या मण्यावर खूण करणाऱ्या एन्झाइमचे जनुक बिघडलेले असते. हा बिघाड बहुधा आईतही नसतो, बापातही नसतो. तो त्या मुलापाशीच सुरू होतो. त्याहून भयंकर म्हणजे लहान मुलांच्या मेंदूच्या देठात होणारा एक कर्करोग. २०१२ साली दिसून आले, की त्यांतल्या बहुसंख्य गाठींत हिस्टोनाच्या सत्ताविसाव्या मण्याचीच जात बदललेली असते. लायसिनच्या जागी दुसराच मणी. बंद करण्याची खूण जिथे बसायची ती जागाच गेली, आणि तो खोटा मणी खूण करणाऱ्या एन्झाइमलाही अडवून धरतो; त्यामुळे इतर रिळांवरच्या खुणाही ओसरतात. जे अध्याय मिटायला हवे होते ते उघडे राहतात. तो बदल वारशाने आलेला नसतो. आईने काय खाल्ले, बापाने काय केले, कोणाची दृष्ट लागली, यांतल्या कशाचेही तिथे काही काम नाही. दवाखान्याच्या बाकावर मात्र नेमके हेच प्रश्न विचारले जातात. मी ते ऐकले आहेत.

पण मग उलट बाजूला तरी किती जायचे? सगळेच खुणांचे खेळ म्हटले, तर माझ्या कादंबरीतला बाप सुटला का?

पुतणीने याचाही एक धागा काढून दिला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शेली बर्जर यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये एक गोष्ट दाखवली. दारू यकृतात फुटते, तिचे शेवटी ॲसिटेट होते, ते रक्तातून मेंदूत जाते, आणि तिथे आठवणी जिथे साठतात त्या भागात हिस्टोनांवर ॲसिटिलची खूण होऊन बसते. प्यालेल्या दारूचाच अंश, पिण्याच्या आठवणीची पाने उघडी ठेवणारा! हे उंदरांत पाहिले गेले आहे. ज्या उंदरांत ॲसिटेट वापरून घेणारे एन्झाइम त्या जागी कमी केले, त्यांना जिथे दारू मिळाली होती त्या कप्प्याची ओढ लागली नाही. हे ऐकताना मला गुत्त्यावरचे ते लाकडी बाक आठवले. बापाला तिकडे काय ओढीत होते, हे मला लिहिताना कळले नव्हते. मी 'त्याची दुष्ट वासना' असे दोन शब्द लिहून मोकळा झालो होतो.

मला वाटते, पहिला पेला ओतणारा हात आणि दहा वर्षांनंतरचा पेला ओतणारा हात, हे एकाच माणसाचे असले तरी सारखे मोकळे नसतात. पहिल्याचा जाब मी आजही मागेन. दहा वर्षांनंतरच्या पेल्यापाशी जाब मागण्याआधी मदत आणीन. आणि मधल्या वर्षांत ज्यांनी त्याला उधारीवर पाजले, त्यांचाही जाब मागेन; त्यांच्या हिस्टोनांना काही झाले नव्हते. माझ्या कादंबरीत गुत्तेवाला एका वाक्यात येऊन जातो. ही त्या पुस्तकातली सर्वांत मोठी चूक असावी.

"पण काका, स्वभावाला औषध सापडलंच, तर तुम्ही कोणाकोणाला द्याल?" पुतणीने जाता जाता विचारले, आणि मुंग्यांची गोष्ट सांगितली. फ्लोरिडात एक जातीच्या मुंग्या आहेत. मोठ्या डोक्याच्या दांडग्या मुंग्या वारुळ राखतात, छोट्या अन्न आणायला जातात. दोघी एकाच राणीच्या, आणि धागाही सारखाच असू शकतो. बर्जर यांच्याच गटाने २०१६ मध्ये कोवळ्या दांडग्या मुंग्यांच्या मेंदूत ॲसिटिलची खूण टिकवणारे औषध टोचले. त्या शिपाईगिरी सोडून अन्न शोधायला निघाल्या. चातुर्वर्ण्य जन्मावर की कर्मावर, या वादात मुंग्यांची साक्ष काढायचा मोह मी आवरतो. पण वर्गात चुळबुळ करणारे पोर गप्प बसावे म्हणून सुई हातात असती, तर मी ती किती वेळा उचलली असती, या विचाराने मला बरे वाटले नाही. माणसांसाठी अशी औषधे आहेतच. त्यांतले एक, व्होरिनोस्टॅट, अमेरिकेत २००६ साली मंजूर झाले, ते त्वचेत उतरणाऱ्या एका प्रकारच्या रक्तपेशींच्या कर्करोगावर. तिथे ते असू द्यावे. लोण्यावरून ज्याचे नाव पडले त्या ब्युटिरिक आम्लाचा क्षारही पेशींवर घातला तर हिस्टोनांवरच्या खुणा टिकवतो, असे ती म्हणाली. आणि मी तोंड उघडण्याआधीच, "म्हणून तूप खाऊन स्वभाव सुधारत नाही हं," असेही म्हणाली.

शेवटी मूळ प्रश्न राहिलाच. बापाचे मुलात येते का? येते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून, दारूच्या व्यसनात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे निम्मा भाग वारशाशी जोडला जातो. हे लपवून धीर देणे मला जमणार नव्हते. पण हा निम्मा भाग लोकसमूहातल्या फरकाचा. एका मुलाच्या कपाळावर निम्मी दारू लिहिलेली असते, असा त्याचा अर्थ नाही. आणि खुणांचे म्हणाल, तर पुरुषबीज तयार होताना बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात; तिथे प्रोटामाइन नावाची दुसरी प्रथिने येतात. बापाच्या यकृतामेंदूत दारूने ज्या खुणा केल्या त्यांचे गाठोडे मुलाकडे जसेच्या तसे पोचत नाही. धागा येतो, रिळे बहुतांशी नवी चढतात.

पाडव्याच्या दिवशी मी पत्र लिहिले. धाग्याचे आणि रिळांचे थोडक्यात लिहिले. वारसा आहे, पण तो निकाल नव्हे, असे लिहिले. जे काही पुढे होईल ते सारे तुमच्या मायेवर नाही, असेही लिहिले. हे वाक्य आमच्या मंडळीने वाचून मगच पाकीट बंद करू दिले. त्या मुलाला दुसरी वाट न देणारा त्याचा बाप नव्हता, मी होतो; मला चटकदार शेवट हवा होता. आणि खाली विचारले, की मुलगा चिडतो असे आपण लिहिलेत, पण कशावरून चिडतो ते लिहिले नाहीत.

संक्रांतीला उत्तर आले. पाकिटात कागदाच्या पुडीत तिळगूळ होता, प्रवासात चुरा झालेला. बाईंनी लिहिले होते, "तुम्ही विचारल्यावर मी त्याला विचारले. मागच्या आळीतल्या मुलांनी त्याची बॅट मोडली होती आणि ती त्याने पैसे साठवून घेतली होती. तेव्हा मी विचारलेच नव्हते. तुमचे पुस्तक वाचनालयात परत केले आहे. उशीर झाला म्हणून पाच रुपये दंड पडला."